अठरावरचा आवाज

माझा डावा कान गेला त्या सकाळी मी टीव्हीच्या कंपनीला फोन केला.

हसू आलं तर हसा. माझ्या घरचे आता हसतात. पण कोणाच्या कानाचं असं एका रात्रीत काही झालं, तर त्याने निदान माझ्यासारखं करू नये, म्हणून हे लिहितो आहे. कानाच्या आत काय काय असतं आणि कोणती औषधं देतात, ते डॉक्टर समजावतील. मी माझा मूर्खपणा सांगणार आहे, कारण तो कुठल्याच डॉक्टरला सांगता येणार नाही.

आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी, माझी बायको सुजाता, कॉलेजात जाणारी मुलगी ऋता आणि माझी आई. वडील गेल्यावर आई साताऱ्याहून आमच्याकडे आली. सुजाता आणि मी दोघेही ऑफिसात, ऋता कॉलेजात, म्हणजे दिवसभर आई एकटी. शेजारच्या भल्ला आंटी येतात, पण त्या पंजाबी वळणाचं हिंदी बोलतात आणि आई सातारी वळणाचं, त्यामुळे दोघी बराच वेळ नुसत्या एकमेकींकडे बघून हसतात. दुपारी मराठी मालिका लागल्या की आईच्या घरात माणसं येतात. त्यामुळे आमच्याकडे दोन रिमोटची वाटणी ठरलेली आहे. टीव्हीचा काळा रिमोट माझा. सेट-टॉप बॉक्सचा, रबरी बटणं झिजलेला, तो आईचा. ती त्याला ‘माझा रिमोट’ म्हणते.

बिघाड

जानेवारीची थंडी होती. सकाळी बातम्या लावल्या तर आवाज डब्यातून आल्यासारखा. बोलणं चिखलात रुतलेलं, मधलं संगीत मात्र अंगावर येणारं. शिवाय एक बारीक घूं. मी लगेच निष्कर्ष काढला: डावा स्पीकर गेला.

ज्याने कधी टीव्हीच्या आवाजाचा मेनू उघडला नसेल, तो सुखी माणूस. स्टँडर्ड, सिनेमा, म्युझिक, स्पोर्ट्स, क्लिअर व्हॉइस. क्लिअर व्हॉइस लावलं तर बातम्या देणारी बाई नाकात बोलू लागली. सिनेमा लावलं तर ती विहिरीत पडली. बॅलन्स नावाची पट्टी सापडली, ती डावीकडे ढकलली, उजवीकडे ढकलली. रोज ऑफिसातून आलो की मी हेच करत बसायचो.

“बाबा, यार, आवाज बिल्कुल ठीक आहे,” ऋता म्हणायची.

“तुला काय कळतंय? हल्लीचे लोक नीट बोलतच नाहीत, पुटपुटतात. त्यात हा स्पीकर.”

टीव्हीवाला येऊन गेला. त्याने सगळी सेटिंग पुसून पुन्हा पहिल्यासारखी केली आणि बॉक्समध्ये दोष असेल असं सांगितलं. बॉक्सवाला आला, त्याने टीव्हीत दोष असेल असं सांगितलं. मी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. दोन विभाग एकमेकांवर ढकलतात तेव्हा काय करायचं, ते मला पाठ आहे. मी दोघांकडेही लेखी तक्रार केली, तिचा क्रमांक घेतला आणि रोज पाठपुरावा करू लागलो. पाठपुरावा चालू आहे म्हणजे काम चालू आहे, असं आमच्या नोकरीत वाटू लागतं. तिकडे कानातली नस मरत होती.

ते घूं टीव्ही बंद केल्यावरही थांबत नव्हतं. मी इन्व्हर्टर बंद केला. फ्रिजचा प्लग काढला, तो पुन्हा लावायचा विसरलो आणि दूध नासलं. एका संध्याकाळी अख्ख्या ब्लॉकचे लाइट गेले.

“आता येतंय का घूं?” सुजाताने विचारलं.

“येतंय.”

“अहो, मग ते कुठून येतंय?”

“भल्लांचा इन्व्हर्टर असेल,” मी म्हणालो. अगदी गंभीरपणे म्हणालो.

मधल्या काळात ऋताने तिचे हेडफोन आणून दिले, निदान घरात शांतता नांदावी म्हणून. मी ते टीव्हीला जोडले आणि विजयाने ओरडलो, “बघा! डावीकडे काहीच नाही! सांगत होतो ना!”

ऋताने ते आपल्या कानाला लावले. “दोन्हीकडून येतंय, बाबा.” मग तिने ते उलटे करून माझ्या डोक्यावर चढवले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. डाव्या कानाशी पुन्हा शांतता.

“आता उजवापण बिघडला,” मी म्हणालो.

सुजाता माझ्याकडे अशी बघत राहिली की मला माझंच वाक्य परत ऐकू आलं. मी डाव्या कानाशी बोटं चोळून पाहिली, चुटकी वाजवून पाहिली. आवाज आला तो उजवीकडूनच.

निदान

दुसऱ्या दिवशी उठलो तर खोली फिरत होती. सुजाताने मला धरून सरकारी डिस्पेन्सरीत नेलं, तिथून चिठ्ठी घेऊन पॅनेलवरच्या हॉस्पिटलात.

तिथे एका छोट्या बंद खोलीत बसवतात. दार फ्रिजसारखं जाड. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला मी हुशार विद्यार्थ्यासारखा बटण दाबत होतो. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाई दुसऱ्या कामाला लागल्या. काचेतून पाहिलं तर त्या यंत्राची कळ फिरवतच होत्या.

डॉक्टरांनी कागदावर दोन रेषा दाखवल्या. एक वर, घराच्या छपरासारखी. दुसरी पार तळाला.

“कब से है?”

“दस-बारह दिन,” मी म्हणालो.

“दस-बारह दिन! ये इमर्जेंसी होती है। इतने दिन क्या कर रहे थे?”

मी खाली बघत होतो. सुजाताने उत्तर दिलं, “टीवी ठीक करवा रहे थे।”

डॉक्टर हसले नाहीत. या आजारात पहिले दिवसच मोलाचे असतात, आता औषध चालू करू, पण किती परत येईल सांगता येत नाही, एवढंच ते म्हणाले. कारण विचारलं तर बहुतेकदा सापडत नाही म्हणाले. मी तिथेच सुजातावर चिडलो. लोकांसमोर टीव्हीचं सांगायची काय गरज होती, म्हणून. ती माझ्या डाव्या बाजूने चालत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. विचारलं तर म्हणते, “बरंच झालं ऐकू आलं नाही.”

वॉर्ड

सलाईनमधून औषध द्यायला काही दिवस भरती केलं. त्या औषधाने सूज उतरते, साखर चढते, झोप उडते आणि माणूस चिडका होतो. शेवटचं मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवतो, आणि तुमच्या घरच्यांनाही वाचून दाखवा. चहात चमचा फिरवते म्हणून मी ऋतावर ओरडलो. एका कानाने ऐकणाऱ्याला लहानसा आवाजही दिशा हरवून डोक्यात घुसतो, हे खरं आहे. पण चमच्याचा खडखडाट हा काही मुलीचा अपराध नव्हे. ती कॅन्टीनमध्ये जाऊन रडली, हे मला नंतर सुजाताकडून कळलं.

वॉर्डात दिवस पहाटेच सुरू होई. बोटाला सुई, साखर किती. मग झाडू, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, तीत प्रत्येक नवा शिकाऊ डॉक्टर माझ्या कपाळावर ट्यूनिंग फोर्क नावाचा कंप पावणारा चिमटा ठेवून विचारी, “किस तरफ सुनाई दिया?” भिंतीवर टीव्ही होता आणि त्याचा आवाज बंद होता. रिमोट हरवलेला. बातम्यांतली माणसं नुसती तोंडं हलवत भांडत. तेवढा एकच टीव्ही असा होता, की त्याच्यासमोर मी आणि बाकीचे सारखे होतो.

शेजारच्या खाटेवर पानिपतचे ब्लँकेटचे व्यापारी होते. कानाचं ऑपरेशन झालेलं, पण फोनवर सौदे चालू. “सौ पीस भेज दे! अरे, मैरून नहीं, नीला!” दोन रात्री मी त्यांचा द्वेष केला. तिसऱ्या रात्री सहज उजव्या कुशीवर वळलो. चांगला कान उशीत, गेलेला वर. ब्लँकेटं, नर्सेस, ट्रॉलीची चाकं, सगळं एकदम दूर गेलं. ते घूं तेवढं राहिलं. आजारपणात माझ्यावर झालेली ही पहिली कृपा. तिच्यासाठी एक कान द्यावा लागला, पण झोप लागली.

मग कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं. दुखतं त्यापेक्षा भीती जास्त. नंतर अर्धा तास कान वर करून निश्चल पडायचं, बोलायचं नाही, आवंढासुद्धा गिळायचा नाही. असं सांगितलं की तोंडात पाणी साठायला लागतं. सुजाता शेजारी बसून माझा हात धरायची. मला ओरडता येत नव्हतं, त्यामुळे तो अर्धा तास आमच्या दोघांचा बरा जायचा.

फर्मान

घरी आलो तो एक विचार घेऊन. कान सुधारतो आहे की नाही, हे कळायला पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं कशाला? घरातच मोजू. मी फर्मान काढलं: टीव्हीचा आवाज अठरावर. मोड स्टँडर्ड. बॅलन्स मध्यावर. काळ्या रिमोटला कोणीही हात लावायचा नाही. संध्याकाळी सातच्या बातम्यांना मी रोज त्याच खुर्चीत बसणार, उजव्या कानात कापूस घालून वर बोट दाबणार आणि नुसत्या डाव्या कानाने ऐकणार. टीव्ही बंद केल्यावरच कापूस काढणार.

“मला दुपारी...” आई काही म्हणणार होती.

“आई, माझ्या कानाचा प्रश्न आहे. दुपारी नाही, रात्री नाही. अठरा म्हणजे अठरा.”

“बरं बाबा,” ती म्हणाली. “तुझ्या रिमोटला मी नाही हात लावायची.”

पहिले काही दिवस नुसता गुंगाट. मग एका संध्याकाळी ‘सरकार’ हा शब्द ऐकू आला. मी मेनू उघडून पाहिला. अठराच. त्या आठवड्यात ‘महँगाई’ आला, मग ‘उन्होंने कहा कि’. मार्च लागला, पंखे फिरू लागले. पंख्याच्या आवाजातही शब्द कळत होते. एप्रिलमध्ये खिडकीतला कूलर सुरू झाला, त्याचा तर विमानतळासारखा आवाज, तरी वाक्यंच्या वाक्यं कानावर पडत होती. रोज मेनू उघडायचो. अठरा, स्टँडर्ड, बॅलन्स मध्यावर.

मी साताऱ्याला भावाला फोन करून सांगितलं. ऑफिसात मिठाई नेली. आईला सांगितलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. सुजाता मात्र म्हणाली, “अहो, अजून डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.” तिला कौतुक करता येत नाही, असं मी तिला सुनावलं.

दुसरी रेष

तपासणीच्या दिवशी मी त्या जाड दाराच्या खोलीत जवळजवळ उड्या मारत गेलो. उजवा कान झाला. मग पुन्हा तीच लांबलचक शांतता. मधेच एक-दोनदा जाड, खोल असं काही हललं, तेव्हा दाबलं. बाकी काही नाही.

रेष तळालाच होती. एका टोकाला किंचित वर उचललेली.

“मॅडम, मशीन चेक कीजिए,” मी म्हणालो. “मुझे टीवी सुनाई देता है। दायाँ कान बंद करके।”

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी शांतपणे समजावलं. बोटाने कान पूर्ण बंद होत नाही. आवाज मोठा असला की तो त्या बोटातून, डोक्याच्या हाडातून चांगल्या कानापर्यंत पोचतो. म्हणून तर त्या तपासताना माझ्या चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडतात, त्याला दुसरीकडे गुंतवून ठेवायला. “आप दायें कान से ही सुन रहे थे।”

“पर आवाज़ उतनी ही थी! अठारह!”

“तो फिर पता नहीं, सर। बढ़ी होगी।”

घरी पोचलो ते दारातूनच ओरडत. “टीव्हीचा आवाज कोणी वाढवला? खरं सांगा!”

आई तिच्या खुर्चीत होती. खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ आली होती की पाय लांब केले असते तर ते टीव्हीच्या टेबलाला लागले असते. मालिकेतली सासू घर दणाणून सोडत होती.

“बाबा, हळू!” ऋता खोलीतून आली. तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

“हे काय?”

“मग काय करणार? इतका लाउड असतो रोज. मी कापूस घालूनच अभ्यास करते.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुझ्यासाठी ठेवलाय वाटलं ना! तुला किती खुशी होत होती. मम्मी म्हणाली, राहू दे, सहन करू.”

मी सुजाताकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिलाही तेच वाटलं होतं. दोन महिने दोघी माझ्यासाठी म्हणून तो गोंगाट सोसत होत्या.

मी काळा रिमोट घेतला. अठरा. मेनू. स्टँडर्ड. मध्यावर. टीव्ही तोच, आकडा तोच, आणि भिंती हादरत होत्या. माझी नजर आईच्या मांडीवर गेली. तिथे तिचा रिमोट होता.

तो उचलून मी आवाजाचं बटण दाबलं. पडद्यावर सेट-टॉप बॉक्सची हिरवी पट्टी उमटली. पार उजव्या टोकापर्यंत भरलेली. टीव्हीचा आवाज वेगळा, बॉक्सचा वेगळा. हे मला ठाऊक असायला हवं होतं. दोन्ही कंपन्यांकडे माझीच तक्रार होती.

“आई! तुला सांगितलं होतं ना, आवाजाला हात लावायचा नाही म्हणून!”

“कुठं लावला? तुझ्या रिमोटला शिवले नाही मी. माझ्याच रिमोटने थोडा थोडा वाढवला. पंखा लागला तेव्हा जरा, मग तो कूलर आला तेव्हा जरा.” ती घाबरली होती. “ऐकूच येत नाही रे अठरावर. हल्लीची माणसं पुटपुटतात फार. नीट बोलतच नाहीत.”



ते वाक्य माझं होतं. जानेवारीत याच खोलीत उभा राहून मी ते ऋतावर फेकलं होतं. खुर्ची पुढे सरकलेली मी रोज पाहत होतो. भल्ला आंटींशी ती बोलण्याऐवजी हसते, ते भाषेमुळे असं धरून चाललो होतो. फोनवर माझ्या भावाला ती “हो, हो, बरं” एवढंच म्हणते, त्याला थकवा समजलो होतो. अख्खं घर एका कानाची सेवा करत होतं आणि त्या पट्टीवर दोन महिने जे मोजलं जात होतं, ते माझं नव्हतं.

आई

तिला घेऊन गेलो. “मला काय झालंय, चांगली धडधाकट आहे,” हे पार ऑटोत बसेपर्यंत चालू होतं. तिला त्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, बटण हातात दिलं. मी बाहेर, काचेपाशी. ती परीक्षेला बसल्यासारखी ताठ. अंगठा बटणावर तयार. ऑडिओलॉजिस्ट बाई आवाज सोडत होत्या, यंत्रावरचा दिवा लागत होता, विझत होता. आई माझ्याकडे बघत होती आणि भुवया उंचावून विचारत होती: सुरू कधी करणार आहेत?

मी मान फिरवली. कानाच्या आजारात रडायला येतं, हे मला तिथे कळलं. स्वतःची रेष पाहताना आलं नव्हतं.

माझ्या डाव्या कानाबद्दल आता सांगायचं एवढंच: जाडे आवाज थोडे येतात, बोलणं येत नाही. घूं आहे. अधूनमधून मी ते विसरतो, मग ते विसरलो हे आठवतं आणि ते परत येतं. वेळेवर गेलो असतो तर काय झालं असतं, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारायचं थांबवलं नाही. तुमचा एक कान अचानक बसला, तर तो थंडीने बसला, मळाने बसला, टीव्हीने बसला असं ठरवू नका. त्याच दिवशी जा. आणि घरात कान मोजू नका. घरच्या मापात घरची माणसं मिसळलेली असतात.

आईचं ऐकायचं यंत्र आलं त्या संध्याकाळी ऋताने ते तिच्या कानामागे बसवलं. आई खुर्चीत बसली, खुर्ची आता भिंतीपाशी. मी सवयीने टीव्ही लावला. अठरा. हिरवी पट्टी पूर्ण भरलेली. मालिकेतल्या सासूने तोंड उघडलं मात्र, आई दचकून उठली.

“अगं बाई! केवढा तो आवाज! कमी कर आधी. बहिरे आहोत का आपण?”

ऋता हसत हसत दिवाणावर कोसळली. मी आईचा रिमोट घेतला आणि पट्टी खाली आणत गेलो, ती ‘बास’ म्हणेपर्यंत. तिथे कूलरच्या आवाजात, एका कानाने, मला एक शब्दही कळेना. मग मी माझी खुर्ची उचलली आणि तिच्या डाव्या हाताला ठेवली, म्हणजे माझा चांगला कान तिच्याकडे. ती मालिका बघत होती आणि कोण काय बोललं ते मला सांगत होती, मधेमधे स्वतःचं मत घालून.